लाल रस्ता कुणाच्या दारातून

हेलडोर्प, ता. ७ मार्च १९७६

ती. सौ. द्रिकाताईस,
सा. न. वि. वि.

पेपर आत्ताच वाचला. हेगच्या मंत्रालयाने नमुन्याच्या सायकलमार्गासाठी तुमचं लिंडेवाइक निवडलं. पैसा सगळा सरकारचा, गावाने फक्त रस्ता मोकळा करून द्यायचा. लाल डांबर, मोटारींपासून वेगळा, स्टेशनापासून थेट तुझ्या बेकरीवरून. अभिनंदन करते. दात खाऊन करते, तेही सांगून टाकते.

ताई, शेजारची छोटी इने वळणावर सायकलसकट लॉरीखाली गेली तेव्हापासून मी रस्त्यावर आहे. आम्ही आयांनी चौकात सायकली आडव्या टाकल्या, हेगला मंत्रालयाच्या दारात भिजत गाणी म्हटली, पोलिसांनी मला उचलून बाजूला ठेवलं. आणि रस्ता मिळाला तुला, जिने कधी एक पत्रकसुद्धा वाटलं नाही. आमच्या अर्जाला मात्र उत्तर आलं, पुढे बघू. माझी लेक मीके एवढी मोठी झाली तरी शाळेत माझ्या सायकलवर मागे बसून जाते. मैत्रिणी हसतात, ती चिडते, पण तिला एकटीला सोडायला माझा जीव धजत नाही.

तोनदाजींना नमस्कार. लोभ आहेच, जळफळाट ओसरला की दिसू लागेल.

तुझी,
फीन

*

लिंडेवाइक, ता. २१ मार्च १९७६

चि. सौ. फीन हिस,
अ. उ. आ.

तुझं पाकीट उघडलं तर धूर आला. अगं, ज्याच्यासाठी तू जळतेस त्याने इथे आमची झोप उडवली आहे. दुकानापुढे गाड्या उभ्या करता येणार नाहीत म्हणे. तोन विचारतो, हेगच्या साहेबांनी जन्मात कधी पाव विकलाय का? गल्लीतले सगळे दुकानदार विरोधात आहेत.

परवा मंत्रालयाचा माणूस नकाशे घेऊन आला होता. म्हणाला, सरकार पैसा देतं, पण जबरदस्ती करत नाही, होकार गावाचा हवा. गल्ली नाही म्हणाली तर पैसा यादीतल्या पुढच्या गावाला. मी सहज विचारलं, पुढचं कोणतं? हेलडोर्प म्हणाला. मी कॉफीचा कप जपून खाली ठेवला.

पुढच्या महिन्यात सभा आहे. दुकान माझ्या नावावर, म्हणजे मत मीच देणार. आणि जळायचं म्हणतेस तर ऐक. पोलिसांनी तुला उचलल्याचा पेपरातला फोटो बाबांनी चौकट करून भिंतीवर लावलाय. आल्यागेल्याला दाखवतात, ही आमची फीन. त्यांचं जेवण रोज माझ्या घरून जातं, ते कुणाला दाखवत नाहीत.

मीकेला गोड पापा. रागावलीस तरी लिहीत राहा.

तुझी,
द्रिका

*

हेलडोर्प, ता. २५ मार्च १९७६

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तू नाही म्हण. सायकलमार्गाला नाही म्हण असं मी कुणाला विनवीन, हे आमच्या गटातल्या बायकांना कळलं तर मला वाळीत टाकतील. पण विनवते. तुला तो रस्ता नकोच आहे, दाजींना नको आहे. लहानपणी तुला नकोसं झालेलं सगळं माझ्याकडेच यायचं, कोट, बूट, शाळेचं दप्तर, आणि मी तोंड वाकडं करून घ्यायची. ही पहिलीच वस्तू मी आपणहून मागते आहे.

मीके काल म्हणाली, मी बारा वर्षांची झाले तरी तू मला मागेच बसवशील.

उत्तराची वाट पाहते. माया पातळ करू नकोस.

तुझी,
फीन

*

लिंडेवाइक, ता. १२ एप्रिल १९७६

चि. फीन,
अ. उ. आ.

काल सभा झाली. मी हो म्हटलं.

नाही म्हणायलाच गेले होते, देवाशपथ. हात वर करायची वेळ आली आणि तू डोळ्यांपुढे आलीस, लाल रस्त्यावर उभी, भोवती फोटोवाले, आणि बाबा भिंतीवर दुसरा खिळा ठोकताहेत. हात आपोआप वर गेला. माझं बघून लोणीवाल्या बाईंचा गेला, मग चांभाराचा, आणि होकार झाला. तोनला सांगितलं, गावाच्या भल्यासाठी केलं. तुला तेच सांगणार होते, पण तू ओळखलं असतंस. तू इतका जीव टाकतेस, म्हणजे त्यात काहीतरी असणार, आणि तेही तुलाच मिळावं हे मला सोसवेना.

लोभ ठेव म्हणायला तोंड नाही. तरी म्हणते.

द्रिका

*

हेलडोर्प, ता. १८ सप्टेंबर १९७७

ती. सौ. द्रिकाताईस,
सा. न. वि. वि.

दीड वर्ष लिहिलं नाही. लिहायला बसले की शिव्याच सुचायच्या.

बुधवारी मीकेला घेऊन मी तुमच्या गावी आले होते, तुला न कळवता. आगगाडीत सायकली घातल्या आणि स्टेशनावर उतरून तुझ्या रस्त्याला लागलो. तू काउंटरमागे होतीस. दुकानात गर्दी, काचेला सायकली टेकलेल्या. त्या गर्दीचाही मला हेवा वाटला. थांबले नाही.

पुढे मीकेने विचारलं, मी एकटी जाऊ? मी हो म्हणून बसले. ती सुटली. तिची पाठ लहान लहान होत गेली, आणि मला हाक मारायची गरज वाटली नाही. रस्ता संपला तिथे ती लालबुंद चेहऱ्याने वाट बघत होती. विचारलं, हा मावशीकडेच का, आपल्याकडे का नाही? मी म्हटलं, मावशीने हात वर केला म्हणून. एवढं बोलायला फार जड गेलं.

मंत्रालयाकडे पुन्हा अर्ज केलाय. ते म्हणतात, लिंडेवाइकचा रस्ता कसा चालतो ते पाहून बाकीच्या गावांचं ठरवू. म्हणजे आता तुझं भलं व्हावं म्हणून मला देवाला मेणबत्ती लावावी लागते. शनिवारी त्यांची माणसं तिथे सायकली मोजायला उभी राहणार आहेत. आमच्या गटातल्या सगळ्या बायका मुलाबाळांसकट येतोय, गर्दी करायला.

मी आत येणार नाही. मीकेला तुझ्या भट्टीतली जर्दाळू भरलेली गोड फ्लाय हवी आहे, तिला पाठवीन. तुकडा मोठा काप. मी बाहेर सायकल धरून उभी असेन, बराच वेळ.

लोभ आहे, पण तोंडावर सांगण्याइतका अजून नाही.

तुझी,
फीन