मागच्या खोलीचा गुलाबी

मंगळवार, ८ एप्रिल
ग्लेनिसने मागच्या खोलीच्या भिंतीवर तीन पट्टे मारलेत – शिंपला, पहाट आणि लाजरी. तिन्ही गुलाबी, तिन्ही फिके, तिन्ही एकच! "कुठला बरा, नेव्ह?" म्हटलं, मधला. तर म्हणे, "नीट बघून सांग."

बुधवार, ९ एप्रिल
दुपारी ती बहिणीशी फोनवर बोलत होती – "मागची खोली झाली की निदान झोप तरी लागेल मला."

अस्सं! माझं घोरणं. एवढ्या वर्षांच्या संसारानंतर बाईसाहेब वेगळं बिऱ्हाड थाटणार, तेही त्याच घरात. आणि रंग मी निवडायचा! फार वाईट वाटलं.

रविवार, १३ एप्रिल
वेळ काढतोय. शिंपला ख्रिसमसच्या हॅमसारखा दिसतो म्हणालो. पहाट संध्याकाळी करडी पडते म्हणालो – हे मात्र खरं आहे. तिने दुकानातून नमुन्याच्या आणखी दोन डब्या आणल्या. आता पाच गुलाबी! ईस्टरपर्यंतचा वेळ तरी सहज निघेल.

शुक्रवार, १८ एप्रिल
ग्लेनिसचे डोळे तांबारलेले. पुढे, आमच्या झोपायच्या खोलीच्या खिडकीबाहेरच्या निलगिरीवर पहाटेपासून काकाकुवे किंचाळत होते म्हणे. मी कानातलं यंत्र काढून झोपतो, मला काय कळणार! पण माझ्या मनाला लागू नये म्हणून बिचाऱ्या पाखरांवर ढकलते, हे कळतं.

सोमवार, २१ एप्रिल
ईस्टरचे उरलेले बन भाजून खाताना तिने पुन्हा रंगाचं विचारलं. दमलेली दिसली. माझीच मला लाज वाटली. झोप मिळत असेल तर मिळू दे की तिला!

लाजरी, म्हणालो. आपण नाचायला जायचो तेव्हा तुझ्या कानाच्या पाळ्या अशाच व्हायच्या. ती हसली, आणि पाळ्या खरंच तशा झाल्या.

गुरुवार, २४ एप्रिल
रंगाचा दुसरा हात झाला. कोपरे मी स्वतः केले, कुठे ओघळ नाही. छान दिसते खोली. तिची खोली.

शनिवार, २६ एप्रिल
सकाळी पलंग आला. डबल! एवढा मोठा कशाला, म्हटलं.

"म्हणजे? तू काय व्हरांड्यात झोपणार आहेस? उगाच का तुला रंग विचारत होते? रोज उठून तुलाही तोच बघायचाय."

"आणि माझं घोरणं?"

"त्याची सवय झाली रे. त्या मेल्या पाखरांची होत नाही."

रंग जरा नीट बघायला हवा होता!