फिर्यादी बथशेबाची निरवानिरव

मी, बथशेबा राफेल आवासकर, वय वर्षे बासष्ट, धंदा सुईणीचा, राहणार पनवेल, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय करून ठेवते. दडपण आणायला घरात कोणी उरलेलंही नाही. यजमान वारले, मुलगा मनासे इस्राएलला गेला आणि मुलगी सिप्पोरा हिचा खून झाला.

१. पोस्टातली शिल्लक अपिलाच्या खर्चासाठी ठेवते. सिप्पोराने लग्नाला नकार दिला म्हणून एक माणूस तिला जिवे मारण्याच्या धमक्या देत होता. त्याचं नाव मी माझ्या कागदावर येऊ देणार नाही. आम्ही मायलेकी चौकीवर पुन्हा पुन्हा गेलो. फौजदार म्हणाले, "अजून काही केलं तर नाही ना त्याने? काही घडलं की या." मग घडलं. तो माणूस जन्मठेप भोगतो आहे. पोलिसांच्या हयगयीबद्दल मी सरकारवर दावा लावला, तेव्हा निकाल आला की पोलिसांचं कर्तव्य सर्व जनतेप्रती असतं, एका व्यक्तीप्रती नसतं. ही सर्व जनता राहते कुठे, मला ठाऊक नाही. माझ्या घरात एकच मुलगी होती.

माझ्यामागे मनासेने वारस म्हणून अपील चालवावं. मनासे, तू दर पत्रात "आई, इकडे ये" लिहितोस. यायला जीव तळमळतो रे. शुक्रवारी शब्बाथचा दिवा लावते, प्रार्थना म्हणते आणि आमेनही मीच म्हणते. पण कोर्टात पुकारा झाल्यावर सिप्पोराच्या बाजूने उभं कोण राहणार, म्हणून थांबले. तो दिवा तुझाच आहे.

२. बाळंतपणाची पेटी ठमाबाई सुईणीला द्यावी. कात्री उकळल्याशिवाय वापरायची नाही, हे तिला मी मेल्यावरही सांगावं लागणार.

३. लाकडी स्टूल चौकीला द्यावं. तक्रार घेऊन आलेल्या बाईला तिथे उभंच ठेवतात. त्या फौजदारांना मी काही ठेवत नाही. माफीसुद्धा नाही.

४. राहतं घर शेजारच्या भामाला. तिचा नवरा रोज तिला जाळून टाकण्याची धमकी देतो. काल माझ्या स्वयंपाकघराच्या दारात बसून ती म्हणाली, "मावशे, चौकीवर गेलेली मी. ते बोलले, घरचा मामला हाय, काय झालं तर ये. आता मी कुठं जाऊ?"

हा मसुदा लिहिणारे कमळाकर वकील म्हणाले, "बाई, मृत्युपत्र तुमच्या पश्चातच अमलात येतं. तोवर भामाला या घरावर काही हक्क नाही."

म्हणजे हा कागदही काही घडल्यावरच उपयोगाचा. मला त्या फौजदारांचा आवाज ऐकू आला आणि संताप आला. मी वकिलांना लिहायला लावलं: कलम चार आजपासून लागू. कायद्यात बसत नसेल तर न बसो.

सिप्पोराची खोली मी सकाळीच झाडून दिली. भामा आतून कडी लावून झोपली आहे. कित्येक रात्री तिचा डोळा लागला नव्हता. म्हणून हे मृत्युपत्र बाहेर ओटीवर, हळू आवाजात वाचून सह्या केल्या.

बथशेबा राफेल आवासकर

साक्षीदार:
काशिराम बळीराम ठाकूर
कृष्णाबाई शिवा म्हात्रे

पनवेल, १४ मार्च १९६३