लगर की झगर

९ जानेवारी २०२५

नोंद चौथी. नांदूरघाटचा माळ, सत्तेचाळीस नंबरचा टॉवर, सकाळी सात चाळीस. लगर ससाणाच! तांबूस डोकं, डोळ्याखाली मिशीसारखी बारीक काळी रेघ, पांढरी छाती. आकार डोमकावळ्याएवढा. जिल्ह्यात अकरा वर्षांत या पक्ष्याची एकही मान्य नोंद नाही, असं पुण्याचे पक्षीसूचीवाले म्हणतात. नसेल. बघायला आलं होतं कोण?

छबुबाई बकऱ्या घेऊन तिथेच होती. दुर्बीण पुढे केली तर हातानं बाजूला सारली. "मला कायला पायजे ती? लगर हाय. बसलीय बगा."

बसलीय! ससाणा 'तो' असतो, हेही हिला सांगायचं.

१४ जानेवारी

संक्रांत. छबुबाईनं माळावरच तिळगूळ दिला — पदराच्या गाठीतला, चिकट. खाल्ला.

नोंद पाचवी. तोच टॉवर, पायात होला धरून आला. पण आज पुन्हा पहिल्या तीन नोंदींसारखा लहान वाटला, साध्या कावळ्याएवढा. जे दिसलं ते लिहिलं.

"झगर हाय त्यो," छबुबाई म्हणाली.

पाच दिवसांपूर्वी लगर, आज पुन्हा झगर! एक शब्द धड नाही. तिच्या तोंडचं ऐकता ऐकता मीही त्या तीन आणि आजच्या नोंदीत 'झगर' लिहून बसले होते. चारही ठिकाणी खोडून वर 'लगर' लिहिलं. खोडायचं म्हणजे एकच रेघ, शेजारी सही, आणि खालचा शब्द वाचता आला पाहिजे. केजच्या भूमी अभिलेख कार्यालयात बत्तीस वर्षं हेच केलं. गिरवून काळं करणारे कारकून मी पाहिलेत. त्यांचे हेतूही.

तिला म्हटलं, "छबुबाई, ल म्हण. ल-गर."

"लगर म्हनायचं तवा लगरच म्हंते की!"

कॉन्व्हेंटात सिस्टरनी एका 'व्हेरी'साठी मला अख्खा तास बाकावर उभं केलं होतं. उच्चार असा बसतो. हिला कोण उभं करणार?

२२ जानेवारी

नोंद सातवी. टॉवरवरच्या कावळ्यांच्या जुन्या घरट्यात बसलेला! हलला नाही तासभर. अंडी?

२८ जानेवारी

वीज कंपनीचा इंजिनिअर माळावर भेटला. एकवीस फेब्रुवारीला या लाइनीवरच्या सगळ्या टॉवरांवरची घरटी काढणार. "कावळ्यांच्या काड्या आहेत हो मॅडम. त्यांतली एखादी तार लाइनीवर पडली की लाइन ट्रिप होते." ससाणा आहे म्हटलं तर हसला. हसताना दात दाखवायची फार हौस.

वनविभागात गेले. साहेब सभ्य निघाले. "सूचीत मान्य झालेली नोंद आणा, त्याच दिवशी पत्र देतो."

म्हणजे सगळं पुण्याच्या रविराजवर. सूचीतल्या नोंदी तो तपासतो. आठही नोंदी साफ उतरवून पाठवल्या.

६ फेब्रुवारी

नामंजूर!

"आदरणीय मॅडम, एकच पक्षी चार वेळा डोमकावळ्याएवढा आणि चार वेळा साध्या कावळ्याएवढा कसा? लहान दिसलेला बहुधा शिक्रा असावा. स्पष्ट फोटो असल्यास जोडावा."

शिक्रा! शिक्रा माझ्या अंगणातल्या कडुनिंबावर रोज बसतो. आणि माझ्या फोनमध्ये ससाणा म्हणजे तारेवरचा एक ठिपका.

आयुष्यभर मापांवर सह्या केल्या. शेजारी-शेजारी बांधावरून डोकी फोडायला निघाले तरी माझ्या नकाशावर कुणी बोट ठेवलं नाही. आता एका पक्ष्याचं माप येईना?

७ फेब्रुवारी

आज गेले नाही. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन गेल्या वर्षीच झालंय. कुणाला सांगितलेलं नाही.

११ फेब्रुवारी

छबुबाई दारात. बकऱ्या फाटकाबाहेर, एक गुलाबाला लागलेली. "सत्यशीलाबाई, चार दिस झाले. आजारी हाव का?"

सांगितलं सगळं. ती म्हणाली, "वाचा बरं वही."

वाचायला लागले. नऊ जानेवारी, लगर, डोमकावळ्याएवढा. चौदा जानेवारी, लगर, कावळ्याएवढा —

"थांबा. संक्रातीला झगर व्हता. होला घिऊन आलता."

"झगर नाही. दुरुस्त केलंय मी ते."

"कावून?" ती माझ्याकडे बघतच राहिली. "लगर मादी, झगर नर. ती मोठी, त्यो बारका. माझा आज्या निजामाच्या वक्ताला जहागीरदाराचे ससाने संभाळायचा. आमच्या घरात रांगत्या लेकराला ठावं हाय. मला वाटलं, तुमी येवढ्या शिकलेल्या, तुमाला ठावंच असंल."

वही पुढे ओढली. चार ठिकाणी खोडलेला 'झगर', रेघेखाली स्वच्छ वाचता येणारा. चारही दिवशी आकार साध्या कावळ्याएवढा. उरलेल्या चार दिवशी तिनं 'लगर' म्हटलेलं, आणि आकार मोठा. एकही अपवाद नाही.

एक पक्षी नव्हताच. जोडी होती. डोळा बरोबर होता, डोळ्यांनी पाहिलेलं बरोबर होतं. चुकली ती माझी दुरुस्ती.

"सॉरी," म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या ते. च्या ठिवा."

गुलाबाची पाच पानं उरलीत.

१३ फेब्रुवारी

काल पानांचे फोटो पाठवले होते, खोडलेल्या शब्दांसकट. आज रविराजचा फोन. म्हणाला, जुन्या इंग्रजी ग्रंथात ही दोन्ही नावं सापडली, नर आणि मादी, अगदी तशीच. "मॅडम, तुम्ही गिरवून खोडलं असतं तर आज काहीच उरलं नसतं." मान्य! जोडी, आणि घरटंही. कोऱ्या फॉर्मवर नव्यानं भरून, सही करून पाठवा म्हणाला.

माझ्या सवयीचं कौतुक झालं. मलाच ऐकवेना.

२१ फेब्रुवारी

वनविभागाचं पत्र कालच पोचलं होतं. सकाळी गाडी आली. पंचेचाळीस साफ केला. सेहेचाळीस साफ केला. सत्तेचाळीसपाशी न थांबता अठ्ठेचाळीसकडे गेली. इंजिनिअरनं आज दात दाखवले नाहीत.

"लगर उठली बी न्हाई," छबुबाई म्हणाल्या. मी दुर्बीण लावली. खरंच, उठली नव्हती.

२३ फेब्रुवारी

फॉर्म भरला. 'पक्षी ओळखणाऱ्याचे नाव' या रकान्यात सवयीनं माझंच नाव लिहून बसले. एक रेघ मारली. शेजारी सही केली. वर लिहिलं — छबुबाई.