एक ओळ, एक माणूस

३ फेब्रुवारी १९९७, सोमवार

पुन्हा आठची एस.टी.! रोह्याच्या कंपनीतून पेणला घरी पोचेपर्यंत माझी लेक किमया झोपलेली. सकाळी निघते तेव्हाही झोपलेलीच. प्रवीण डोलवीच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीत, म्हणजे बापही घरी नाही. सासूबाई म्हणाल्या, "निजली गो. दाराकडं बघत बघत निजली."

सगळा घोळ त्या आठला सुरू होणाऱ्या रात्रपाळीच्या कामगारांच्या नावांचा. कमांड दिली की मशीन नावं दाखवतं — आणि मी ती एकेक करून कागदावर उतरवते, मोजते, मग त्यांना गावांतून आणणाऱ्या गाडीवाल्या नाथाला फोन — जीप आण, नाहीतर मोठी बस आण. मग कॉम्प्युटर कशाला घेतलाय कंपनीने? शोभेला?

५ फेब्रुवारी, बुधवार

युक्ती सापडली! मशीन जे दाखवतं ते थेट अ‍ॅरेत घ्यायचं. अ‍ॅरे म्हणजे कप्प्यांची रांग — एका कप्प्यात एक नाव. कप्पे मोजायचं काम स्क्रिप्टचं, म्हणजे मशीनला लिहून दिलेल्या हुकमांच्या यादीचं; कागद छापायचंही तिचंच. कान्हू, मोरू, जनू अशी नावं घालून पाहिलं. तीन कप्पे, तीन माणसं! साहेबांना दाखवलं. म्हणाले, सोमवारपासून चालवा. बिनचूक चालली तर साडेपाचला घरी जा.

९ फेब्रुवारी, रविवार

किमयाने उठल्या उठल्या निळा फ्रॉक घातला. तो रविवारचाच. बाकी दिवशी कुणाला हात लावू देत नाही. दिवसभर माझा पदर धरून, भाकऱ्या थापतानासुद्धा. तिला सांगितलं, उद्यापासून आई लवकर येणार हं. नीट ऐकलं की नाही कोण जाणे.

१० फेब्रुवारी, सोमवार

फजिती! माणसं जीपमध्ये मावतील एवढी, आणि नाथा मोठी बस फिरवून आला. गेटवर पुंडलिक वॉचमन माझा छापील कागद घेऊन उभा, "वरसे कोन? वरसे आला नाय अजून!"

वरसे कसा येणार, ते गाव आहे! पाळीच्या यादीत आडनाव कोण लावतं? दोन कान्हू असले की एक कान्हू वरसे, एक कान्हू डोलवी. फोरमन मशीनमध्ये तसंच भरतात. मशीनला मोकळी जागा दिसली की वाटतं नवं नाव आलं. गावांनाही कप्पे दिले!

नाथाने कपाळाला हात लावला. साहेब मात्र हसले नाहीत. उद्या अजून एकदा बघू, नाहीतर पुन्हा हाताने लिहायचं, म्हणाले. पोरीला कबूल करून बसलेय, आणि मी आपली आठच्या एस.टी.त.

११ फेब्रुवारी, मंगळवार

डबा उघडलाच नाही आज. पण सापडलं! मोकळ्या जागेवर तोडू नको, ओळ संपली की तोड — एवढंच स्क्रिप्टच्या सुरुवातीला सांगायचं होतं. एक ओळ, एक माणूस. कान्हू वरसे आपल्या गावासकट एकाच कप्प्यात बसला.

मुद्दाम गेटवर थांबले. नाथाने जीपच आणली. पुंडलिक म्हणाला, "बाई, समदी आली. वरसे पन."

फार फार बरं वाटलं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आजही बरोबर! साहेब म्हणाले, उद्यापासून साडेपाच. कुणाला सांगू नि कुणाला नको!

१३ फेब्रुवारी, गुरुवार

दिवेलागणीला घरी. किमया जागी! पण धावत आली नाही. दारातच थबकली. मला नीट बघून घेतलं आणि सासूबाईंना विचारलं, "आजी, आज रविवार हाय?" — आणि निळा फ्रॉक आणायला पळाली.