टाचणीखालची चिठ्ठी

दि. ७ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

काल दुपारी घरी पोहोचले. तिन्ही पेट्या सुखरूप आल्या. तीनशे बारा किड्यांपैकी एकाचाही पाय मोडलेला नाही, हे आधी सांगते, म्हणजे तुझ्या जिवात जीव येईल. वीस तारखेला तुझ्या विभागाची समिती पेट्या बघायला घरी येणार आणि तुझी बढती त्यावर अडलीय, हे मला पाठ आहे. बाबा बरे आहेत. ऐकू अजिबात येत नाही, पण पूर्वीही ते आपल्याला हवं तेवढंच ऐकायचे. वहिनीला म्हणावं, साडी छान आहे.

विमानतळावर कस्टममध्ये अडीच तास गेले. टेबलामागे एक बाई भिंग घेऊन बसल्या होत्या. त्यांनी पेटी उघडायला लावली, तशी डांबरगोळ्यांच्या वासाने माझ्या मागचा माणूस नाक दाबून दुसऱ्या रांगेत गेला.

"खायला आणलेत का?"

"नाही हो. अभ्यासाचे आहेत."

"लोक काय वाट्टेल ते आणतात, म्हणून विचारलं."

मग त्यांनी फॉर्म वाचला. तो तू भरला होतास, मी नुसती सही केली होती. "इथे लिहिलंय, सामान पोहोचवणारी मदतनीस. मग हे पकडले कुणी?"

मी म्हटलं, मी. शाळेतली नोकरी सोडून नऊ वर्षं तुझ्या मागे जाळी घेऊन चिखल तुडवला, हे काही त्यांना सांगितलं नाही. त्यांनी एका किड्याच्या टाचणीखालची चिठ्ठी वाचली आणि भिंग माझ्याकडे सरकवलं. "इथे तर दुसऱ्याचं नाव आहे."

तुझं होतं. सगळ्यांवर तुझंच. माझ्या हातच्या चिठ्ठ्या काढून तू छापील घातल्या होत्यास. वहिनी मला दोन दिवस एवढ्या प्रेमाने खरेदीला का नेतेय, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. आणि निळा भुंगेरा. नवा प्रकार, त्याला माझं नाव देणार होतास. त्याच्या चिठ्ठीवर त्याला नाव दिलंय ते तुझ्या विभागप्रमुखांचं. ते मी कस्टमच्या टेबलावर, रांगेतल्या लोकांसमोर वाचलं. मला रडू आलं, तेही तिथेच.

बाईंनी विचारलं, "मग मी काय लिहू?"

"मदतनीसच लिहा," म्हटलं. नाहीतर फॉर्म खोटा ठरून पेट्या जप्त झाल्या असत्या आणि भट्टीत गेल्या असत्या. किड्यांचा काय दोष?

आज सकाळी चिमटा घेऊन बसले. किड्यांसोबत आणलेल्या वाळवलेल्या वनस्पतींना हात लावला नाही. त्यांच्या कागदांवर अजून माझंच अक्षर आहे, तिथवर तू पोहोचला नव्हतास. किड्यांच्या चिठ्ठ्या मात्र सगळ्या काढल्या. निळ्या भुंगेऱ्यापाशी हात थांबला, मग तीही काढली. बाबांनी विचारलं, "हा कसला कचरा?" मी ओरडून सांगितलं, "दादाचं नाव." त्यांना काय ऐकू आलं कोण जाणे. म्हणाले, "जपून ठेव."

ठेवल्यात. सोबतच्या पाकिटात आहेत, तीनशे बारा, चांगल्या हलवून मिसळलेल्या. कुठे, कधी, कुणी पकडला हे टाचणीखाली नसेल तर तो नुसता मेलेला किडा, हे पहिल्या वर्षी तूच मला शिकवलंस. कुठला कोणत्या ओढ्याकाठचा हे फक्त माझ्या वहीत होतं. तिची नक्कल करून ठेव म्हणून तीनदा तुझ्या मागे लागले, तर "तुझं अक्षर कोण लावणार" म्हणालास. ती वही आज सकाळी मी बंबात घातली. तीत माझीही नऊ वर्षं गेली, पण त्यांवर तसंही माझं नाव नव्हतं.

तू एकोणीसला येशील. वीसला समिती आली की मी दार उघडीन, चहा करीन, पेट्या पुढे ठेवीन. त्यांनी विचारलं, यातलं तुम्हाला काही माहीत आहे का, तर नाही म्हणेन.

तुझी,
सामान पोहोचवणारी मदतनीस