आईची पेशी

मुलुंड, रविवार

ती. शकुमामीस चेतनाचा सविनय जयभीम.

तुझे गुडघे कसे आहेत? मामाची काळजी करू नकोस. दोन वेळ दाबून जेवतो आणि सोसायटीतल्या निम्म्या लोकांना नावाने हाका मारतो. सोबत आणलेले वकील सहदेवरावही सुखरूप आहेत (काल एकटेच जुहूला जाऊन भेळ खाऊन आले).

झालं ते असं. अंधेरीतल्या आमच्या प्रयोगशाळेत विस्मरणाच्या आजारावर औषध शोधतात. आईनेही त्यासाठी रक्त दिलं. त्यातल्या पेशींना आम्ही आधी पुन्हा तान्ह्या करतो, मग वाढवून मेंदूच्या राखणदार पेशी बनवतो. (डोक्यातला कचरा गिळणं हे यांचं काम, आजारात यांचंच डोकं फिरतं.) मग एकेक औषध टाकून बघायचं, ताळ्यावर येतात का. लाड इतके की रविवारीही खाऊपिऊ घालायला जावं लागतं. मी आनंदाच्या भरात मामाला फोन केला, “गुरुवारी अंधेरीला आईच्या पेशींचा निकाल आहे!”

तुमच्या वाशिमकडे पेशी म्हणजे कोर्टाची तारीख, हे माझ्या मुंबईत वाढलेल्या टाळक्यात आलंच नाही. शेताच्या वाट्यावरून तुझं नि आईचं नऊ वर्षं बोलणं बंद, त्यामुळे मामाला वाटलं, बहिणीने दावा ठोकला! गुरुवारी सकाळी सातबारा आणि वकिलासकट स्वारी प्रयोगशाळेच्या गेटवर. “पेशी कोन्त्या सायबापुढं हाय?” वॉचमन बापडा म्हणाला, “पेशी तिसऱ्या माळ्यावर, कपाटात. चपला काढून जा.”

मी मामाला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. एका औषधाने पेशी खरंच सुधारल्या होत्या, भराभर कचरा गिळत होत्या. मी तर जिन्यातच नाचले! मामाने टोपी काढली आणि बराच वेळ बघत राहिला. सहदेवराव मात्र शेवटपर्यंत विचारत होते, समोरच्या पार्टीचा वकील कुठाय.

तुझी,
चेतना

ता. क. औषध अजून प्रयोगशाळेच्या बशीतल्या पेशींवरच चालतं. माणसांपर्यंत यायला कित्येक वर्षं लागतील, आईला ते मिळायचं नाही. हे लिहिताना रडू येतंय, म्हणून वर लिहिलं नाही.

पुन्हा ता. क. आई मला हल्ली नर्स समजते. मामाला मात्र बघताक्षणी ‘दादा’ म्हणाली, आणि दारापर्यंत जाऊन विचारलं, “शकुवहिनी नाही आली?” रोज विचारते. भांडण ती साफ विसरली आहे. मामी, तूही विसर ना. तुझं नाव तिला आठवतंय, तोवर ये.