कपाचा कान

क्वीन्सटाउन, गुरुवार संध्याकाळ

रॉजरला मारलं मी आज. कॉफीचा जाड कप त्याच्या भुवईवर फुटला आणि नुसता कान माझ्या बोटात राहिला.

दोघेही ब्रिटिश पासपोर्टवाले म्हातारे, इथे परक्या देशात मुलींकडे राहणारे. रोज हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या बाजारात, बसून बोटींतून इंग्लंडला येणाऱ्यांना शिव्या घालायच्या. "पाठवा सगळ्यांना परत" यात माझाच आवाज मोठा.

आज माझा व्हिजिट पास, इथे राहायचा तात्पुरता परवाना, वाढवायला नकार आला. रॉजरने खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, "तुझं बरं आहे. तुला परत जायला इंडिया तरी आहे."

अख्खी नोकरी इंग्लंडात, लेस्टरमध्ये गेली माझी. तिथल्या पोरांनी "आपल्या देशात जा" म्हणत कमरेत लाथ घातली होती, तेव्हा हात उचलला नाही. मग आज का? तेही रॉजरवर?

कॉफीवाली आंटी धावत आली. रक्त पुसत रॉजर तिला म्हणाला, "पाय घसरला." मग हळूच मला, "पोलीस आले तर तुला आजच हाकलतील. नीघ."

ते ऐकून हात पुन्हा शिवशिवला. कपाचा कान अजून खिशात टोचतोय. माझंच रोजचं वाक्य त्याने मला ऐकवलं, तेही मायेने.